विद्यापीठांच्या भाराभर चिंध्या

जिल्ह्याच्या ठिकाणचे कोणतेही महाविद्यालय डोळ्यांसमोर आणावे. प्रवेशद्वारातून आत शिरताच संगमरवरी फलकावर संस्थेची ध्येये कोरलेली दिसतात : विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास, चारित्र्याची जडणघडण, संशोधनवृत्ती, उद्योजकता आणि जागतिक दर्जा. फलकावरून नजर काढून रस्त्यापलीकडे पाहावे. तेथील झेरॉक्सच्या दुकानात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘अपेक्षित’ प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकांचे गठ्ठे रचलेले असतात आणि त्यांच्याभोवती त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी गर्दी करून उभे असतात. फलकावर पाच ध्येये आहेत, दुकानात एकच. ते दुकान आपले ध्येय दरवर्षी बिनचूक गाठते. फलकाच्या वाट्याला ते भाग्य अद्याप आलेले नाही.

या अवस्थेसाठी मराठीत एक नेमकी म्हण आहे : एक ना धड, भाराभर चिंध्या. आपल्या विद्यापीठांना उद्दिष्टांची वाण नाही; वाण आहे ती एका उद्दिष्टाची. सर्व विद्याशाखांनी आणि सर्व संलग्न महाविद्यालयांनी मिळून विद्यार्थ्यांच्या शिकण्यातील एकच उणीव निवडावी, तिचे नाव जाहीरपणे घ्यावे आणि पाच वर्षे तिचा पिच्छा पुरवावा, एवढे साधे पाऊल उचलायला विद्यापीठे धजत नाहीत. कारण उघड आहे. पन्नास उद्दिष्टे जाहीर केली की एकाचाही हिशेब द्यावा लागत नाही. एकच जाहीर केले, तर पाच वर्षांनी कोणीतरी विचारणार : काय झाले?

परीक्षा घेणारे यंत्र

या भित्रेपणाची मुळे जुनी आहेत. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी ती वाटणी होती. १९०४च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाची वाट मोकळी करून दिली. पुढे स्वतंत्र विभाग उभे राहिले, स्वातंत्र्य आले, राधाकृष्णन आयोग झाला, कोठारी आयोग झाला. परंतु विद्यापीठाच्या हाडीमासी खिळलेली परीक्षा काही सुटली नाही. विद्यार्थी उत्तीर्ण झाला की नाही, हे विद्यापीठ सांगू शकते. तीन वर्षांत तो काय शिकला, हे विचारण्याची सोयच या रचनेत ठेवलेली नाही.

ज्या एका कामासाठी हे यंत्र उभे राहिले, ते काम तरी धड चालावे! २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईघाईने अमलात आणला. निकाल रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. त्या काळातील वाद आठवून पाहावा. निकाल कधी लागणार, एवढाच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. विद्यार्थ्यांच्या भवितव्याचा तो प्रश्न होता, हे मान्यच. परंतु त्या लक्षावधी उत्तरपत्रिकांत एका संपूर्ण पिढीच्या शिकण्याचा पुरावा पडून होता. मुलांना कोठे अडते, कोणती संकल्पना समजलेली नसते, कोणते वाक्य पाठ केलेले असते, हे त्या कागदांवरून वाचता आले असते. ते वाचावे, असे कोणाला सुचले नाही. उत्तरपत्रिकेतून गुण काढून घ्यायचे आणि चोथा रद्दीत टाकायचा, हीच आपली रीत आहे.

आणि हा व्याप लहानसहान नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीनुसार २०२१-२२मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे होती आणि उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ४ कोटी ३३ लाखांच्या घरात होती. एकट्या महाराष्ट्रात ४,६९२ महाविद्यालये होती. या आकड्यांत घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारी असंख्य मुले-मुली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शुल्क भरलेले असते. विद्यापीठात नेमके काय शिकवतात, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांनी विश्वास टाकलेला असतो.

कागदावरची गुणवत्ता

गुणवत्तेची काळजी वाहण्यासाठी १९९४मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजेच ‘नॅक’ अस्तित्वात आली. तिच्यामुळे अनेक महाविद्यालयांतील ग्रंथालये सुधारली, दफ्तर नीट लागले, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. तिच्या सात निकषांपैकी शेवटच्या निकषात एक मार्मिक अपेक्षा होती : संस्थेने आपल्या दोन उत्तम प्रथा सांगाव्यात आणि आपले वेगळेपण कशात आहे तेही लिहावे. प्रश्न उत्तम होता. पण उत्तर लिहिण्याची वेळ आली की काय घडते, ते महाविद्यालयांत वावरणाऱ्या कोणाही माणसाला ठाऊक आहे. वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिरे हे उपक्रम आपापल्या जागी स्तुत्यच. परंतु त्यांची छायाचित्रे चिकटवून विद्यार्थ्यांच्या शिकण्याचा प्रश्न सुटत नाही. गुणांकनाभोवती केवढा बाजार उभा राहू शकतो, याची झलक फेब्रुवारी २०२५मध्ये दिसली. नॅकच्या तपासणी समितीच्या सदस्यांनाच लाचेच्या आरोपाखाली केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. श्रेणी हेच साध्य ठरले की शिकणे हे केवळ निमित्त उरते.

‘अध्ययन निष्पत्ती’ या नव्या शब्दाचेही तेच झाले. विद्यार्थ्यास आकलन होईल, विश्लेषण करता येईल, मूल्यमापन करता येईल, अशी क्रियापदे एका अभ्यासक्रमातून उचलून दुसऱ्यात ठेवली जातात. तक्ते भरले जातात, टक्केवारी काढली जाते. तीन वर्षांपूर्वी ज्या विद्यार्थ्याला विश्लेषण करता येत नव्हते, त्याला आज ते करता येते की नाही, हे मात्र त्या तक्त्यांतून कळत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीवर अचूक बोट ठेवले. मातृभाषेचा, बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आणि भारतीय ज्ञानपरंपरेचा पुरस्कार केला. त्या विचाराचे स्वागत व्हायलाच हवे. महाराष्ट्रात २०२३-२४पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. परंतु धोरणाचा आत्मा दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून तालुक्याला येईपर्यंत त्याचे श्रेयांकांच्या कप्प्यांत रूपांतर झाले. मुख्य विषय, उपविषय, मुक्त निवड, व्यावसायिक कौशल्य, क्षमतावर्धन, मूल्यशिक्षण, ज्ञानप्रणाली, प्रकल्प, प्रत्यक्ष कार्यानुभव, असे एकामागून एक कप्पे झाले. प्रत्येक कप्पा आवश्यक आहे, प्रत्येकाला दोन-चार श्रेयांक आहेत आणि सर्व कप्पे मिळून विद्यार्थ्यात कोणता बदल घडवणार, या प्रश्नाचे उत्तर एकाही कप्प्यात नाही. धोरण कितीही थोर असो, विद्यापीठाने स्वतःची निवड केली नाही तर त्याच्याही चिंध्याच होणार.

अकरा राज्यांतील एक नियम

एका उद्दिष्टाची ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अकरा राज्यांत, म्हणजे टेक्सासपासून व्हर्जिनियापर्यंतच्या टापूत, महाविद्यालयांना मान्यता देणारे एक मंडळ आहे. त्याचे कार्यालय जॉर्जियातील डिकेटर येथे आहे. २००१मध्ये या मंडळाने आपले नियम बदलले आणि मान्यतेचे नूतनीकरण मागणाऱ्या प्रत्येक संस्थेवर एक अट घातली : आपल्याच मूल्यमापनातून पुढे आलेला, विद्यार्थ्यांच्या शिकण्याशी थेट संबंध असलेला एक विषय निवडा, तो निवडताना अध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांना सहभागी करून घ्या, त्यासाठी पैसा आणि माणसे बाजूला काढा, आणि पाचव्या वर्षी परिणामांचा अहवाल द्या. कोणी लेखन निवडले, कोणी चिकित्सक विचार, तर कोणी पहिल्या वर्षात गळणाऱ्या विद्यार्थ्यांना सांभाळण्याचे काम.

तिकडचे सारे सोन्याचे, असे समजण्याचे कारण नाही. तेथेही काही ठिकाणी या योजनेची बोधचिन्हे आणि घोषवाक्ये झाली. शिवाय अमेरिकेला स्वतःच्या आजाराची जाणीव उशिरानेच झाली. रिचर्ड ॲरम आणि जोसिपा रोक्सा या समाजशास्त्रज्ञांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्यांनी अभ्यासलेल्या विद्यार्थ्यांपैकी ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या विचारक्षमतेत आणि लेखनात महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांत लक्षणीय अशी कोणतीही प्रगती झाली नव्हती. जे विद्यार्थी दर आठवड्याला चाळीसहून अधिक पाने वाचायला लावणारे आणि सत्रात वीसहून अधिक पाने लिहायला लावणारे अभ्यासक्रम करत होते, त्यांची प्रगती अधिक होती. म्हणजे औषध घरातच होते.

अमेरिकेचे अंधानुकरण करण्याचा येथे प्रश्न नाही. शिस्त कोठून शिकावी याला सीमा नसते. कशासाठी वापरावी हे मात्र आपणच ठरवायचे असते.

निवड कशाची?

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी एकच गोष्ट निवडायची झाली, तर ती कोणती असावी? या प्रश्नाचे उत्तर तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर मिळाले. फक्त ते कोणी नीट ऐकले नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले. पर्यायांपैकी एकावर खूण करण्याऐवजी उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावे, अशी ती अपेक्षा होती. २०२३च्या प्रारंभी पुण्यात विद्यार्थी या निर्णयाविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत आयोगाने नवी पद्धत २०२५पासून लागू करण्याचे जाहीर केले.

त्या मुलांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि वाढते वय यांचा हिशेब करत वर्षानुवर्षे एका पद्धतीने तयारी करणाऱ्यांनी मुदत मागितली, यात गैर काही नव्हते. खरा प्रश्न विद्यापीठांना विचारायला हवा होता. हे सर्व उमेदवार पदवीधर होते. तीन-चार वर्षे त्यांनी विद्यापीठाच्या लेखी परीक्षा दिल्या होत्या, पुरवण्या जोडजोडून उत्तरे लिहिली होती. असे असूनही स्वतःच्या शब्दांत लिहिण्यासाठी त्यांना नव्याने तयारी का करावी लागावी? इतकी वर्षे ते लिहीत होते, ते मग काय होते? ते उतरवणे होते. ‘अपेक्षित’मधून डोक्यात आणि डोक्यातून कागदावर.

म्हणून विद्यापीठाने निवडावयाची गोष्ट हीच : प्रत्येक पदवीधराला एक मजकूर समजून वाचता यावा आणि त्यावर स्वतःचा मुद्दा पुराव्यानिशी, सुसंगतपणे, आधी आपल्या भाषेत आणि मग गरजेनुसार इंग्रजीत मांडता यावा. हे केवळ भाषेच्या प्राध्यापकांचे काम नव्हे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगात काय घडले आणि का घडले हे लिहावे लागते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ताळेबंद काय सांगतो ते लिहावे लागते. कायद्याच्या विद्यार्थ्याचे तर संपूर्ण आयुष्यच लेखनावर उभे असते. सर्व विद्याशाखांना समान लागू पडणारी, विद्यापीठाच्या आवाक्यातली आणि मोजता येणारी, अशी ही एकच क्षमता आहे.

मोजायची कशी? त्यासाठी परदेशी यंत्रणा नको. प्रत्येक सत्रात, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्गात बसून दोन-तीन पाने लिहावीत. अध्यापकाने ती वाचून शेरे मारून परत करावीत आणि विद्यार्थ्याने ती पुन्हा लिहावीत. शिकणे घडते ते या दुसऱ्या लेखनात. दरवर्षी प्रथम आणि तृतीय वर्षाच्या अशा काही शे लेखांचा नमुना, नावे झाकून, निरनिराळ्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी एकाच कसोटीवर वाचावा. दोन वर्षांत काय फरक पडला, ते अधिसभेपुढे ठेवावे. चांगले असो वा वाईट, जसे असेल तसे ठेवावे.

आक्षेपांचा समाचार

यावर पहिला आक्षेप येईल तो संख्येचा. वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी, कायम अध्यापकांच्या जागा रिक्त, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तुटपुंज्या मानधनात तीन महाविद्यालये सांभाळत असताना हे लेखन वाचणार कोण? आक्षेप खरा आहे. परंतु तो या योजनेच्या विरोधात जात नाही, तो तिची गरज सिद्ध करतो. विद्यापीठाने एकच उद्दिष्ट जाहीर केले, तर त्यासाठी माणसे लागतात हे सरकारला आकडेवारीनिशी सांगता येईल. पन्नास उद्दिष्टांसाठी मागितलेली माणसे सरकार कधीच देत नाही, कारण ती नेमकी कशासाठी हवी आहेत ते मागणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप : आता यंत्रच लिहून देते, मग माणसाने लिहायला कशाला शिकावे? २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि घरी लिहून आणावयाच्या निबंधाचे मोल संपले, हे खरे. परंतु यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ओळखण्यासाठी वाचणाऱ्याची बुद्धी तयार असावी लागते. ती लिहून लिहूनच तयार होते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला. अक्षर, कागद, शाई, समास यांचा इतका बारकाईने विचार केला. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथात लेखणीला हे स्थान का मिळाले, याचा विचार यंत्रावर भाळलेल्यांनी अवश्य करावा.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा. मातृभाषेत लिहायला लावले तर मुले जगाच्या मागे पडतील, ही भीती मध्यमवर्गाच्या मनात खोलवर रुजलेली आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी इंग्रजीतील उत्तर पाठ करतो, कारण त्याला त्या भाषेत अजून विचार करता येत नाही. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? आधी विचार हवा, मग त्याची भाषांतरे होतात. विद्यापीठ अनुदान आयोगानेही एप्रिल २०२३मध्ये, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठांना कळवले. मुभा मिळाली, ती वापरण्याचे बळ विद्यार्थ्याच्या अंगी आणण्याचे काम विद्यापीठाचेच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्या भाषेत आपल्या पदवीधराला चार परिच्छेद सुसंगत लिहिता येत नसतील, तर तो दर्जा भिंतीवर टांगण्यापुरताच राहील.

निवड करणारी माणसे

एका गोष्टीसाठी संपूर्ण संस्था पणाला लावण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. त्याच विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून ते वर्षानुवर्षे झगडत राहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर याच विद्यापीठाचे पदवीधर. १८७४मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि युक्तिवाद मराठीत कसा करावा हे एका पिढीला शिकवले.

आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेले धोंडो केशव कर्वे! जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि १९१६मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले. त्यांच्यापुढेही सर्व काही करण्याचा मोह असणारच. त्यांनी निवड केली : स्त्रियांचे उच्च शिक्षण आणि तेही मातृभाषेतून. सरकारी मान्यता नव्हती, पैसा नव्हता, विद्यार्थिनी मोजक्याच होत्या, विद्वानांचा उपहास होता. त्या विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळण्यास स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडावी लागली. कर्व्यांनी निवड बदलली नाही, म्हणून ते विद्यापीठ आजही उभे आहे.

आजच्या कुलगुरूंच्या हाती कर्व्यांपेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. पाच वर्षांचा कार्यकाळ आहे, विद्या परिषद आहे, अभ्यास मंडळे आहेत, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आहेत. नाही ती एक गोष्ट निवडण्याची आणि तिच्यासाठी उत्तरदायी राहण्याची तयारी.

ती तयारी समाजानेच करून घ्यावी लागेल. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर दहा प्रतिनिधी निवडून देतात. घराघरांत पदवीधर आहेत. परंतु मतदार म्हणून नाव नोंदवणारे थोडे आणि मत देताना प्रश्न विचारणारे त्याहून थोडे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला वसतिगृह, शुल्क, निकाल यांविषयी जरूर विचारावे. त्यानंतर त्याला आणखी एक प्रश्न विचारावा : आमच्या मुलांच्या शिकण्यातील कोणती एक उणीव हे विद्यापीठ पाच वर्षांत भरून काढणार आहे आणि ती भरली हे आम्हाला कशावरून कळणार? त्याने ‘सर्वांगीण विकास’ असे उत्तर दिले, तर त्याला रस्त्यापलीकडचे झेरॉक्सचे दुकान दाखवावे.